तासाभराची मुंबई

‘मुंबई आता काय, तासाभरावर आली!’ हे उद्गार इंदूरच्या मराठी घरांतून वरचेवर कानी पडतात. ज्यांची मुले-मुली मुंबई-पुण्यास स्थायिक झाली आहेत, त्या आईवडिलांना त्यांचा मोठाच दिलासा वाटतो. हा दिलासा कितपत भरवशाचा, ह्याचा हिशेब आम्ही येथे मांडीत आहोत.

इंदूर आणि मुंबई ह्यांच्या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. पुण्याचेही जवळजवळ तेवढेच. सेंधवा, धुळे, नाशिक ह्या मार्गाने मोटारीने निघाल्यास ते ६०० च्या घरात जाते. आगगाडी मात्र उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत असा पश्चिमेचा वळसा घेऊन सुमारे ८३० किलोमीटर धावते. हा वळसा वाचविणाऱ्या मनमाड-इंदूर लोहमार्गास केंद्र सरकारने २०२४ साली मंजुरी दिली.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानास ५०० किलोमीटरसाठी चाळीस मिनिटेही लागू नयेत. तरी वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो. विमान जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या गावी जागेवर उभे राहीपर्यंतचा हा काळ होय. धावपट्टीपर्यंतची चाल, वर चढणे, खाली उतरणे, ही सारी मंदगतीची कामे त्यातच येतात. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात. दोन्हींवरून एकाच वेळी विमाने सोडता-उतरविता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानास आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात, त्या ह्याचमुळे.

आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब करू. विमानतळ गाठण्यास अर्धा तास, तेथे दीड-दोन तास आधी हजेरी, सव्वा तासाचे उड्डाण, सामानासाठी अर्धा तास आणि पुढे ठाणे-डोंबिवलीपर्यंत तास-दीड तास. बेरीज पाच तासांवर जाते. रात्रीची गाडी बारा तास घेते, पण त्यांतले सात-आठ झोपेत सरतात.

हे सांगण्याचा हेतू विमानास नावे ठेवण्याचा नाही. रात्री अकराला वडिलांच्या छातीत कळ आली, तर मुलगा सकाळच्या पहिल्या विमानाने निघूनही उन्हे वर आल्यावरच पोहोचेल. मधली रात्र शेजाऱ्यांची असते. म्हणून शेजारच्या दोन घरांचे दूरध्वनी क्रमांक मुलांजवळ आणि मुलांचे त्या घरांत असावेत, आणि औषधांची यादी हाताशी असावी, एवढे आम्ही आग्रहाने सुचवितो.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. जेथे केव्हाही जाता येते, तेथले जाणे नेहमीच पुढे ढकलले जाते. पूर्वी दिवाळी-उन्हाळ्याची तिकिटे आधी काढावी लागत. म्हणून भेटी ठरत आणि घडत. तेव्हा निरोप घेतानाच पुढच्या भेटीची तारीख ठरवावी. आईवडील तास मोजीत नसतात. ते ती तारीख मोजीत असतात.