आंधळी करुणा

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे एक लहानसे गाव आहे. १ जुलै २०१८ या दिवशी, ऐन आठवड्याच्या बाजारी, त्या गावात पाच माणसे जमावाच्या हातून ठेचून मारली गेली. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील होती. भिक्षा मागत गावोगाव हिंडणे हा त्यांचा पिढीजात जीवनक्रम. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी वार्ता त्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या मुलखात पसरली होती, आणि परक्या मुलखातले हे पाच जीव त्या वार्तेचे बळी ठरले. ज्या ग्रामपंचायतीच्या कचेरीतून गावाचा कारभार न्यायाने चालावयाचा, तिथेच कोंडून त्यांना मारहाण करण्यात आली.

अडाण्यांचे क्रौर्य म्हणून या घटनेची वासलात लावणे सोपे आहे. यंत्रयुगाने माणुसकी संपविली, असा सुस्कारा टाकणे त्याहूनही सोपे आहे. आमच्या मते ही दोन्ही निदाने चुकीची आहेत. राईनपाड्याचा जमाव त्या पाच जणांचा वैरी नव्हता. तो त्यांना ओळखतही नव्हता. तो पेटला तो आपल्या लेकरांच्या काळजीने! खरी भयंकर गोष्ट हीच आहे. जी ममता आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागवते, तिच्याच पोटी त्या दिवशी हत्या जन्माला आली.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची हकीगत या दृष्टीने मननीय आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणारे मूल उचलून पळतात, एवढेच तीत दिसत असे. वास्तविक ती फीत कराचीतील एका बालरक्षक संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी अभिनयाने तयार केली होती. मूळ फितीत ते मूल लगेच परत आणून सोडले जाते आणि उपदेशाचा फलक दाखविला जातो. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. मुलांच्या रक्षणासाठी घडविलेली वस्तू अशी मारेकऱ्यांच्या कामी आली. आणि ती पुढे पाठविणाऱ्या असंख्य लोकांच्या मनातही बहुधा दुष्टावा नव्हता, कळवळाच होता.

पूर्वी बातमी माणसाच्या तोंडून येई. सांगणाऱ्याचा चेहरा समोर असे. ‘तू स्वतः पाहिलेस काय?’ असे त्याला विचारता येई. पहाटे दारी आलेल्या वासुदेवाला आणि गोसाव्याला पसाभर धान्य घालणारी गृहिणीही त्याला नखशिखांत न्याहाळूनच ते घालीत असे. बातमी पोचण्यास विलंब लागे. त्या विलंबात विवेकाला जागे होण्यास अवसर मिळे. यंत्राने अंतर नाहीसे केले, त्याबरोबर हा अवसरही नाहीसा केला. दूरच्या अपरिचिताचा शब्द आम्हांला आप्तवाक्य वाटू लागला आणि दारातला चालताबोलता माणूस मात्र परका झाला.

त्याच दिवशी रात्री मालेगावात हाच प्रसंग ओढवला होता. दोन वर्षांच्या बालकासह पाच जणांचे एक कुटुंब जमावाने घेरले. परंतु तेथील एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आसरा दिला, पोलीस धावून आले आणि पाचही जीव वाचले. वार्ता तीच, रात्रही तीच! एका माणसाने हातातल्या यंत्राकडे न पाहता समोरच्या माणसांकडे पाहिले, एवढाच काय तो फरक.

आम्ही यंत्राला शाप देत नाही. २०२१ च्या वसंतात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने हाहाकार माजविला, तेव्हा प्राणवायू, खाटा आणि औषधे यांचे पत्ते याच साधनाने घरोघर पोचविले. परंतु तेथेही शिळे क्रमांक फिरत होतेच. खरा उपकार केला तो प्रत्येक क्रमांकावर स्वतः दूरध्वनी करून खातरजमा करणाऱ्या तरुण स्वयंसेवकांनी. त्यांच्या करुणेला डोळे होते.

शासन आणि कंपन्या यांच्यावरील जबाबदारी उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळींविरुद्ध जिल्हावार अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन व्हॉट्सअ‍ॅपने घातले, तेव्हा अशा निरोपांचा प्रसार सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. एवढ्याशा अडसराने एवढा परिणाम होतो, तर असे अडसर अधिक का नकोत? आज कृत्रिम बुद्धिमत्तेने न घडलेली घटनाही डोळ्यांपुढे उभी करता येते. त्या काळी निदान कात्री तरी लागत होती!

परंतु आमचा खरा प्रश्न सुशिक्षित वाचकाला आहे. शहरांतील कुटुंबांच्या आणि स्नेह्यांच्या गटांत ‘खरेखोटे ठाऊक नाही, आला तसा पुढे पाठवीत आहे’ अशी पुस्ती जोडून निरोप धाडले जातात. या पुस्तीने आपण जबाबदारीतून मुक्त झालो, असे धाडणाऱ्याला वाटते. खरेखोटे ठाऊक नसेल, तर पाठविता कशाला? राईनपाड्यात काठी उगारणारे हात कायद्याला सापडू शकतात. ती काठी त्यांच्या हाती पोचविणारी बोटे कोणालाच सापडत नाहीत. त्यांना आवरणारे न्यायासन एकच, ज्याच्या त्याच्या अंतःकरणातले. बोट उचलण्यापूर्वी तेथे क्षणभर सुनावणी होऊ द्या. त्या एका क्षणावर कोणाचे तरी प्राण अवलंबून आहेत.