‘स्पिरिट’च्या जयघोषाखाली दडपलेली जखम

नोव्हेंबर उजाडला की मुंबईच्या ‘स्पिरिट’चे गोडवे गाण्याची अहमहमिका सुरू होते. दूरचित्रवाहिन्यांच्या वातानुकूलित दालनांत मेणबत्त्या पेटतात, इंग्रजी वृत्तपत्रांचे रकाने गहिवरतात आणि एकच दाखला पुन:पुन्हा दिला जातो: २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाकिस्तानातून समुद्रमार्गे आलेल्या दहा जिहादी दहशतवाद्यांनी शहर रक्तबंबाळ केले, पण दुसऱ्या दिवशी छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून लोकल धावू लागल्या आणि मुंबईकर कामावर निघाला. तो का निघाला, हा प्रश्न मात्र या मंडळींना पडत नाही. तो निघाला, कारण घरी बसला असता तर त्या दिवसाची मजुरी बुडाली असती. पोटाच्या सक्तीला शौर्याचे नाव दिले की सत्ताधाऱ्यांचे काम सोपे होते!

त्या रात्री दहाच्या सुमारास टर्मिनसच्या मेल-एक्स्प्रेसच्या भागात होते तरी कोण? वर्तमानपत्राच्या घडीवर लेकरे निजवून उत्तरेकडच्या गाडीची वाट पाहणारी कुटुंबे, हमाल, सफाई कामगार, खाद्यपदार्थांच्या स्टॉलवरची पोरे, आणि हाती लाठ्या वा जुन्या रायफली घेतलेले पोलीस. कसाब आणि त्याचा साथीदार इस्माईल खान या दोघांनी तेथे ५८ जणांचा बळी घेतला, शंभराहून अधिक जखमी झाले. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी जागा न सोडता ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या वाटेने बाहेर पडण्यास सांगितले. त्यांच्या आवाजाने किती जीव वाचले याची गणती नाही. शेजारच्या कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी २० गर्भवती स्त्रियांना सुरक्षित खोलीत नेऊन दारे बंद केली. पुढे न्यायालयात कसाबला ओळखण्याचे धैर्यही त्यांनीच दाखविले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलत कसाबला सोडले नाही. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. ही नावे समाजाच्या ओठांवर आहेत, असलीच पाहिजेत.

पण ज्याचे नाव कोणाच्या ओठांवर नाही, त्या हमालाचे काय? तो जिवंत राहिला, अंगावर ओरखडाही नाही, म्हणून त्याचे नाव जखमींच्या यादीत येण्याचे कारणच नव्हते. ज्या फरशीवर माणसे पडताना पाहिली, त्याच फरशीवरून दुसऱ्या दिवसापासून ओझी वाहायची. दुकानाचे शटर खाडकन पडले की छातीत धस्स होते. दिवाळीत फटाका वाजला की हात थरथरतात. रात्री झोप लागत नाही, लागली तर तेच दृश्य. चिडचिड वाढते, मग बाटली जवळची वाटते, आणि मार बायकोमुलांना बसतो. वैद्यकशास्त्र याला आघातोत्तर तणाव विकार म्हणते. संकट टळले तरी मेंदूतील धोक्याची घंटा वाजतच राहते. भूतकाळ भूतकाळात जमा होत नाही. बहुतेक माणसे काही महिन्यांत आपोआप सावरतात, हे खरे. जे सावरत नाहीत त्यांना उपचार लागतात, आणि उपचारांनी गुण येतो, हेही तितकेच खरे.

कायद्याला मात्र ही जखम दिसत नाही. रेल्वे कायदा, १९८९ अन्वये स्थानकावरील दहशतवादी कृत्य वा गोळीबार यांसाठी प्रवाशाला आणि कामावरील रेल्वे कर्मचाऱ्याला भरपाई मिळते. तिच्या नियमांना जोडलेले परिशिष्ट वाचण्यासारखे आहे. मृत्यूची रक्कम ठरलेली. १ जानेवारी २०१७ पासून ती आठ लाख रुपये झाली. डोळे गेले, कान गेले, अंगठा गेला, दोन बोटे गेली, तीन गेली, प्रत्येकाचा दर निश्चित. मनाचा उल्लेख नाही. मनाला उद्देशून श्लोक रचणाऱ्या समर्थांच्या महाराष्ट्रात बोटे मोजली जातात, मन मोजले जात नाही! हमाल तर रेल्वेचा नोकरही नव्हे. परवान्यावर ओझी वाहणाऱ्याला आजारपणाची पगारी रजा कोण देणार?

याउलट कसाबकडे पाहावे. तो अल्पवयीन असल्याचा दावा होताच त्याचे वय ठरविण्यासाठी दातांची, हाडांची वैद्यकीय तपासणी झाली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याला वकील मिळाले. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी होईपर्यंत त्याच्या हक्कांवर लेखण्या झिजत होत्या. न्यायाची रीत म्हणून तपासणी योग्यच होती, त्याविषयी तक्रार नाही. प्रश्न एवढाच, की मारेकऱ्याचे दात तपासणाऱ्या व्यवस्थेला त्याच्या गोळ्यांतून वाचलेल्यांची झोप तपासावीशी का वाटली नाही? हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री, राज्याचे मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री पायउतार झाले. पण ज्यांनी तो गोळीबार पाहिला, त्यांची नोंद ठेवून वर्षानुवर्षे विचारपूस करणारी कायमची यंत्रणा त्यांच्यानंतर आलेल्या कोणत्याही पक्षाच्या सरकारने उभी केली नाही.

राष्ट्रवादी म्हणविणाऱ्यांनीही थोडे आत पाहावे. श्रद्धांजली सभा होतात, भारतमातेच्या प्रतिमेपुढे दीप लागतो, आणि वस्तीतील एखादा घाबरा झालेला माणूस बोलू लागला की त्याला ‘मन घट्ट कर’ एवढेच ऐकविले जाते. मनाचे आजार ही पाश्चात्त्यांची चोचले आहेत, हा समज अज्ञानाचा आहे. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे: गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, अंग कापते, गांडीव हातातून निसटते. त्याचे कारण वेगळे होते, पण लक्षणे ओळखीची आहेत. भगवंताने त्याला कठोर शब्द जरूर सुनावले, पण तेवढ्यावर सोडून दिले नाही. पुढचे सतरा अध्याय त्याच्याशी संवाद केला. चरकसंहितेत चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील एक सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणारी चिकित्सा. ज्यांच्या पूर्वजांनी हे लिहिले, त्यांनीच मानसोपचाराची लाज बाळगावी?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता नव्हता, आणि विविध मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. रक्तदान शिबिरे भरविणाऱ्या किती कार्यकर्त्यांना हा क्रमांक पाठ आहे? किती शाखांनी आपल्या वस्तीतील रेल्वे कामगार, शिपाई, वॉर्डबॉय यांच्या घरी जाऊन ‘झोप लागते का?’ असे विचारले आहे? येत्या २६ नोव्हेंबरला टर्मिनसवर पुष्पचक्र वाहायला येणाऱ्या मंत्र्यांच्या हाती एक निवेदनही पडले पाहिजे: भरपाईच्या त्या परिशिष्टात मनावरील आघाताची स्वतंत्र नोंद करावी, आणि परवानाधारक हमालापासून स्टॉलवरच्या पोऱ्यापर्यंत स्थानकावर राबणारा प्रत्येक जण तिच्या कक्षेत घ्यावा.