सहलीचा थाट आणि शिक्षणाचा उपवास

हिवाळा सुरू झाला की आपल्या मराठवाड्यातील रस्त्यांवर शाळांच्या सहलींच्या बसगाड्या धावू लागतात. वेरूळ, दौलताबाद आणि अलीकडे पाण्याच्या घसरगुंड्यांची उद्याने, असा त्यांचा क्रम असतो. मुलांनी हसावे, खेळावे, बागडावे याला कोणाचीच हरकत असू नये, माझीही नाही. हरकत आहे ती निव्वळ करमणुकीला 'शैक्षणिक' हे बिरुद चिकटवून पालकांच्या आणि स्वतःच्याही डोळ्यांत धूळ फेकण्याला.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची कल्पना मांडली. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम करून शिकावे, असा तिचा आशय आहे. कल्पना उत्तम, पण तिचे पुष्कळ ठिकाणी काय होते? दप्तर घरी राहते आणि मुलेही वर्गातच राहतात. रंगीत कागद कापले जातात, छायाचित्रे काढली जातात आणि अहवाल रवाना होतो. प्रकल्पवहीची कथा तर याहून केविलवाणी. स्टेशनरीच्या दुकानातून 'जलसंवर्धन' या विषयाचा तयार तक्ता आणायचा, आईने तो चिकटवायचा, गुरुजींनी त्यावर लाल शाईने 'छान' लिहायचे! दुधनाकाठच्या सेलूतील मुलाने दुधनेला पाय न लावता पाण्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवायचे! याला शिक्षण म्हणायचे की शिक्षणाचा उपवास?

कोणी म्हणेल, ही मोहिमांची आणि प्रकल्पांची थेरे परदेशातून आली आहेत. हे खरे नव्हे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या उद्योगातून शिक्षणाची योजना मांडली, ती याच मातीतून. कोसबाडला ताराबाई मोडकांनी पाहिले, की गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो प्रत्यक्ष काम हेच शिक्षणाचे साधन मानून. आणि आपल्या ख्रिस्तसभेत तरी ही रीत नवी कुठे आहे? संत जॉन बॉस्को तुरीन शहरातील गरीब मुलांना घेऊन शरद ऋतूत गावोगाव पायी हिंडत. सोबत मुलांचा वाद्यवृंद असे, नाटके होत, गावकऱ्यांशी ओळखी होत. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, पाणलोटाचे काम उभे केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसे धावते हे शिवारात उभे राहून पाहिल्याखेरीज असे काम होत नाही.

आता आपल्या सेलूचेच पाहा. तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना प्रकल्पाचे धरण आहे. त्याचे दरवाजे किती, कालवे कुठवर गेले, कोणाची जमीन पाण्याखाली गेली आणि कोणाची भिजली, एवढे चार प्रश्न घेऊन सातवीचा वर्ग आठवडाभर हिंडला, तर गणित, भूगोल, नागरिकशास्त्र आणि नीतिशास्त्र हे सारे विषय आपोआप एका ठिकाणी येतील. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, हे त्या मुलांना मग बातमी म्हणून नव्हे, आपले प्राक्तन म्हणून उमगेल. निजामाच्या राजवटीतला मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग गावातूनच जातो. त्या मार्गाने व्यापार कसा बदलला, हे बाजारपेठेतले वृद्ध सांगतील. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी कशी होते, क्विंटलभर कापसातून रुई किती निघते, हे काट्यावर तोलून पाहता येईल. परभणीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून आपल्या उंबरठ्यावर उभे आहे. 'नांदेड 44' हे कपाशीचे वाण आणि 'परभणी शक्ती' ही ज्वारी त्याच विद्यापीठाची. आपल्या ताटातील भाकरीमागे किती वर्षांचे संशोधन आहे, हे मुलांनी तिथे जाऊन विचारावे.

यावर आक्षेप येतात. पालक म्हणतात, अभ्यासक्रम मागे पडेल. मी विचारतो, पाठ करून परीक्षेनंतर विसरलेला अभ्यासक्रम पुढे गेला असे आपण कशावरून म्हणता? शिक्षक म्हणतात, आमच्यावर निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामे आहेत, त्यात ही भर कशाला? ही तक्रार न्याय्य आहे. म्हणूनच हे ओझे एकट्या शिक्षकावर टाकता कामा नये. धर्मग्रामातील शेतकरी, गवंडी, परिचारिका, रेल्वे कर्मचारी यांनी ते वाटून घ्यावे. सुरक्षिततेची काळजीही रास्त आहे. त्यावर उपाय लहान गट आणि सोबत जाणती माणसे हा आहे; मुलांना कोंडून ठेवणे हा नव्हे. आणि पैसा? दूरच्या उद्यानाची वर्गणी न परवडल्याने गरिबाचे पोर त्या दिवशी घरी बसते. शिवारात जायला वर्गणी लागत नाही.

खरा प्रश्न इथेच आहे. आपल्या कित्येक कुटुंबांत आई कापूस वेचते, वडील ऊसतोडीला जातात. शाळा त्यांच्या मुलाला अक्षरे शिकवते. पण त्याच शाळेत तो आईचे काम सांगायला लाजतो. ज्या दिवशी वर्ग कपाशीच्या रानात जाईल, त्या दिवशी बोंडातून कापूस अलगद कसा काढावा हे ती माउली दाखवील आणि डॉक्टरांचा मुलगा तिच्यापुढे विद्यार्थी होऊन उभा राहील. मानवी प्रतिष्ठेवरची दहा प्रवचने जे साधणार नाहीत, ते ती एक सकाळ साधेल.

ज्ञानाचा आरंभ इंद्रियांपासून होतो, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले. प्रभू येशूने पेरणारा, मोहरीचा दाणा, रानातील फुले दाखवून शिकविले. त्याची शाळा डोंगरावर आणि सरोवराकाठी भरे. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आई-वडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, असे बजावले. तेव्हा पालकहो, शाळेकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. येत्या पालकसभेत गुणांची चौकशी जरूर करा; पण त्याआधी एक प्रश्न विचारा: माझे मूल दुधनेवर केव्हा जाणार आहे, आणि तिथे ते कोणाला काय विचारणार आहे?