काचेवरचा फणस

गेल्या जून महिन्यात, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल नसेल, एका कंपनीचा तरुण प्रतिनिधी आमच्या संस्थेच्या व्यवस्थापक मंडळासमोर भला मोठा काचेचा फलक घेऊन आला. फलक म्हणजे भिंतभर दूरदर्शन संच म्हणा. फक्त त्याला बोट लावले की चित्र हलते. तरुण हुशार होता. मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषा तो एकाच वाक्यात बोलत होता, ही आपल्या भागाचीच पुण्याई. "सर, हा नुसता पडदा नाही. हे मल्टिसेन्सरी आहे. मूल बघतं, ऐकतं आणि टच करतं," असे म्हणून त्याने फळांचे पान उघडले. पडद्यावर फणस आला. काटे न् काटे मोजून घ्यावेत इतका हुबेहूब.

मी व्हरांड्यातून जाणाऱ्या आठवीतल्या एका पोराला आत बोलावले. पोरगे खानापूरकडचे, घरी परसात फणसाची झाडे. म्हटले, "ह्याला हात लाव. काय लागलं हाताला?"

"काच, सर."

प्रतिनिधीने घाईघाईने सफरचंद काढले. मी पुन्हा विचारले. "ही पण काचच, सर."

मंडळी हसली आणि फलक मंजूर झाला. मुख्याध्यापक म्हणून मी पदसिद्ध सदस्य. माझा विरोध इतिवृत्तात एका ओळीत आला: 'मुख्याध्यापकांनी काही शंका उपस्थित केल्या.' त्या शंका एका ओळीत मावणाऱ्या नव्हत्या, म्हणून हा लेख.

प्रथमच सांगतो, मी यंत्राचा वैरी नाही. माझ्या खिशातही तसलाच काचेचा फोन आहे आणि मुलगी पुण्याहून बोलताना मला तिचा चेहरा दिसतो, याचे मोल मी जाणतो. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे रडगाणे गाण्याचा तर मला अधिकारच नाही. आमच्या वेळी शाळेत चालत होती ती घोकंपट्टी. ती एका कानाने आत जाई आणि दुसऱ्याने बाहेर पडे. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मीही तेच केले. तेव्हा माझे भांडण नव्याशी नाही. माझे भांडण माणसाला फक्त डोळा समजणाऱ्यांशी आहे.

वस्तू आणि माणूस यांच्यातला व्यवहार कसा घडावा हे आखणाऱ्या विद्येला आता इंटरॅक्शन डिझाइन म्हणतात. अभ्यासक्रम आहेत, पदव्या आहेत, मोठाले पगार आहेत. या विद्येतली जाणती माणसे डोळ्याबरोबर कान, त्वचा, स्नायू, तोल या सगळ्यांचा विचार करतात, हे मला ठाऊक आहे. बाजारात मात्र त्यातला नुसता शब्द उतरला, विचार वरच राहिला. आपल्या सांख्यांनी पाच ज्ञानेंद्रिये सांगितली आणि पाच कर्मेंद्रिये. त्वचा पहिल्या यादीत आहे, हात दुसऱ्या. पण बोटाच्या टोकाशी या दोन्ही याद्या एकत्र येतात. बोट काम करते आणि करता करता जाणतेही. काचेच्या फलकाने बोटाचे निम्मे काम ठेवले आणि निम्मे काढून घेतले. बोटाने हुकूम द्यायचा. हुकूम पोचला की नाही, ते डोळ्याने पाहायचे. याला स्पर्श म्हणणे म्हणजे दाराची घंटा वाजवून 'घर पाहून आलो' म्हणण्यासारखे आहे.

मारिया माँटेसरी १९३९ साली मद्रासच्या अड्यारला आल्या. खरखरीत कागदाची अक्षरे कापून मुलाने त्यांवरून बोट फिरवायचे, ही त्यांची रीत. ते काही खेळणे नव्हते. अक्षराचे वळण डोळ्याआधी हाताच्या स्नायूत बसावे, अशी ती योजना होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला याहून अवघड काम केले. परदेशी साहित्य महाग म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती हेच साहित्य केले. वारली मुलांच्या हाताला ओळखीच्या असलेल्या वस्तूंतून त्यांनी शाळा उभी केली. आमच्या आजच्या मंडळात तोच प्रस्ताव ठेवला असता, तर 'मागासलेपणा' हा शेरा नक्की पडला असता.

आता एका यंत्राची स्तुती करतो, म्हणजे मी पक्षपाती नाही हे पटेल. निवडणुकीत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून मी अनेकदा काम केले आहे, त्यामुळे मतदान यंत्राशी माझी चांगली ओळख आहे. हे यंत्र बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन बनवतात. त्याच्या बाह्यरूपाच्या आखणीत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या प्राध्यापकांचा हात होता. निळे बटण बोटाखाली दबते, शेजारी तांबडा दिवा लागतो आणि मत नोंदले की लांब 'पीं' वाजते. पहिली खूण बोटाला, दुसरी डोळ्याला, तिसरी कानाला. आणि तिसरी खूण केवळ मतदाराची नाही. आडोशाबाहेर बसलेले आम्ही आणि पक्षांचे प्रतिनिधीही तीच ऐकून 'झाले' म्हणतो. निरक्षर आजीबाईला कोणी काही शिकवावे लागत नाही. बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडेही उठवलेले असतात.

मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत माझ्या केंद्रावर एक अंध गृहस्थ पुतण्याचा हात धरून आले. नियमाने सोबती आत नेता येतो. पुतण्या पुढे सरसावला, तसे ते म्हणाले, "तू थांब हितंच." आम्ही दिलेल्या ब्रेल नमुना-मतपत्रिकेवरून त्यांनी बोट फिरवले, आत गेले. क्षणभराने आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी मला विचारले, "वाजलं न्हवं, सर?" साठी ओलांडलेला तो माणूस गुप्त मतदान करून गेला. अंगठ्याएवढ्या बटणाची आणि एका आवाजाची ही करामत.

पण त्याच यंत्राला २०१३ नंतर जी जोड मिळाली, ती पाहा. मत कोणाला गेले याची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. विश्वासासाठीच ही सोय केली, आणि ती योग्यच आहे. पण त्या गृहस्थांना तिचा काय उपयोग? खात्रीची वेळ आली तेव्हा पुन्हा फक्त डोळा उरला.

कोणी म्हणेल, हा अंधांचा प्रश्न झाला. डोळसांना काय त्याचे? २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅकेन' ही अमेरिकी विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक प्राणास मुकले. सगळे डोळस होते आणि शिकवून तयार केलेले होते. सुकाणू आणि गती यांचे नियंत्रण काचेच्या पडद्यावर होते. ते एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे सोपवताना कोणाच्या हाती काय आहे याचा गोंधळ उडाला. २०१९ साली त्या आरमाराने अशा विनाशिकांवर गतीसाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवायचे ठरवले. दांडा कुठे आहे ते हाताला कळते आणि शेजारच्यालाही दिसते. मोटारींचेही तेच. युरोपात मोटारींच्या सुरक्षिततेला तारांकन देणाऱ्या संस्थेच्या जानेवारी २०२६ पासूनच्या निकषांत दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, पाणी पुसणारे वायपर, भोंगा आणि संकटकालीन मदत यांना हाताला लागणारी बटणे किंवा दांडे नसतील, तर पुरे गुण मिळत नाहीत. बाहेरचे जग काचेकडून बटणाकडे वळू लागले आहे आणि आम्ही मात्र कर्ज काढून काच बसवत आहोत.

आपल्या नोटांविषयी थोडेच बोलतो. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब आणि ७३ मिलिमीटर रुंद होती. आताच्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटा तिघीही ६६ मिलिमीटर रुंद, आणि लांबी १४२, १४६, १५०. दोन नोटांत फरक चार मिलिमीटरांचा. कडेला उठावाच्या तिरप्या रेघा आहेत खऱ्या: शंभरला चार, पाचशेला पाच. पण भाजीबाजारात महिनाभर फिरलेल्या ओल्या नोटेवर त्या शोधून पाहा. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी नोट ओळखून बोलून दाखवणारे फोन-ॲप काढले. बोटाला कळावी अशी नोट करायची सोडून बोटाच्या हाती फोन दिला. (नाणी काढणाऱ्यांनी तरी २०१९ च्या वीस रुपयांना बारा कोन दिले. ते मात्र अंधारातही ओळखता येते.)

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या शाळेत नववीत एक अंध मुलगी आहे. सातवीपर्यंत अंधशाळेच्या वसतिगृहात होती, मग घरच्यांनी गावात आणली. पहिल्या बाकावर बसते. पूर्वी शिक्षक खडूने लिहीत, आणि लिहिताना हात सावकाश चालतो म्हणून तोंडाने शब्द म्हणत. त्या म्हणण्यावर तिचे निभत असे. फलक आल्यापासून मजकूर तयार उगवतो. शिक्षक म्हणतात, "हे बघा, इथून इथे," आणि पुढे जातात. ती आवाजाच्या दिशेने तोंड करून बसलेली असते. वर्गातली सर्वांत 'मल्टिसेन्सरी' वस्तू म्हणून जी आली, तिने या मुलीच्या वाट्याचा एक कानही काढून घेतला.

"तिला फोन वाचून दाखवतो ना?" हा आक्षेप मी ऐकला आहे. दाखवतो, आणि ते मोठेच साधन आहे. पण मी मराठीचा शिक्षक आहे. 'पाणि' म्हणजे हात आणि 'पाणी' म्हणजे आपण पितो ते. फोनने दोन्ही वाचून दाखवावेत आणि कानाने फरक सांगावा! ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही. ते डोळ्याने पाहावे लागते, नाहीतर बोटाने. नुसते ऐकून शिकलेल्या अंध मुलाला आपण निरक्षरच ठेवतो; फक्त त्याला बहुश्रुत म्हणतो.

लुई ब्रेल शाळकरी असताना त्याच्या हाती शार्ल बार्बिए याची बारा टिंबांची लिपी आली. ती उभ्या चौकटीत इतकी उंच होती की एक अक्षर एका बोटाखाली मावत नसे. ब्रेलने टिंबे सहावर आणली आणि १८२९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, आपली लिपी प्रसिद्ध केली. त्याने माप घेतले ते बोटाच्या टोकाचे. रचना म्हणतात ती हीच. आपल्याकडे १९५१ पासून भारती ब्रेल आहे. तिच्यात सगळ्या भारतीय भाषांच्या समान अक्षरांना समान टिंबे आहेत. मराठी 'क' पहिल्या आणि तिसऱ्या टिंबाचा. कन्नड 'क' सुद्धा त्याच दोन टिंबांचा. आपल्या दोन्ही भाषांचा लाडका 'ळ' तोही एकच. कन्नडातले ऱ्हस्व ए-ओ असे काही जादा आहे, एवढेच. मी त्या मुलीला विचारले, "पुस्तक हाती घेतलं की मराठी का कन्नड, कसं ओळखतेस?" ती म्हणाली, "पहिला शब्द वाचेपर्यंत नाही कळत, सर." पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली, यावरून आपल्या गावात काय काय झाले, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

मंडळाकडे मी दिलेल्या अर्जात ब्रेल पाट्या आणि टोचण्या, गणितासाठी टेलर फ्रेम, ब्रेल पाठ्यपुस्तके आणि खरखरीत अक्षरांचा एक संच एवढेच आहे. फलकाच्या किमतीच्या दहाव्या हिश्शातही सगळे बसते. उत्तर आले: 'एका विद्यार्थिनीसाठी तरतूद करणे शक्य नाही.' दिवाळीनंतरच्या सभेत अर्ज पुन्हा ठेवणार आहे. निवृत्तीला अजून तीन वर्षे आहेत.

दरम्यान आमच्या चित्रकला शिक्षकांनी पोरांकडून फळीवर जिल्ह्याचा नकाशा करून घेतला. वाळू आणि डिंकाचे डोंगर, सुतळीच्या नद्या. मुलीने कणकुंबीपाशी बोट ठेवले आणि मलप्रभेच्या सुतळीवरून पूर्वेकडे नेले. मग परत येऊन म्हादईची सुतळी धरून पश्चिमेला गोव्याच्या हद्दीपर्यंत गेली. म्हणाली, "सर, दोघी जवळजवळच निघतात की!" हे तिला कोणी शिकवले नव्हते. मागे उभ्या राहिलेल्या डोळस पोरांनीही मग डोळे मिटून बोटे फिरवायला गर्दी केली. फणसवाला पोरगा सर्वांत पुढे.

नकाशा सध्या माझ्या खोलीत कपाटावर ठेवला आहे. वर्गाच्या भिंतीवर त्याला जागा नाही. तिथे फलक आहे.