आराखड्याच्या मेजाभोवती कोण बसणार?

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीपासून गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत जवळच आहे, आणि 1983 साली स्थापन झालेले केआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच परिसरात आहे. भट्टी आणि वर्ग यांचा असा शेजार फार थोड्या गावांच्या वाट्याला येतो. तथापि कोल्हापूरच्या फौंड्र्यांतून बाहेर पडणारे बरेचसे सुटे भाग आजही दुसऱ्या कुणी काढलेल्या आराखड्याबरहुकूम ओतले जातात. हात आमचे, कागद दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था आहे. केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारीला तेलाचे इंजिन लागत नाही. तेव्हा इंजिनाच्या ओतीव भागांवर ज्यांचे पोट आहे त्यांच्यासाठी स्वतःचा आराखडा काढता येणे हा आता प्रतिष्ठेचा नव्हे, चरितार्थाचा प्रश्न आहे.

आराखडा हे एका बुद्धिमान माणसाने एकट्याने करावयाचे काम आहे, हा समज प्रथम सोडला पाहिजे. बीड गोठून थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. तो वाळूतून अलगद सुटावा यासाठी उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. जाड व पातळ भाग एकदम जोडले, तर जाड भाग मागाहून गोठतो आणि त्याच्या पोटात पोकळी राहू शकते. हे सारे पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रीला ठाऊक असते. पण त्याला पुष्कळदा विचारले जाते ते आराखडा पक्का झाल्यावर! कागदावरची चूक खोडरबराने निघते. पॅटर्न झाल्यावर ती रंध्याने, आणि ओतकाम झाल्यावर भंगाराच्या ढिगाने निस्तरावी लागते.

याला दुसरा मार्ग आहे, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. महिंद्र कंपनीची स्कॉर्पिओ 2002 साली बाजारात आली. ती नाशिकच्या कारखान्यात तयार होत असे. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली निरनिराळ्या खात्यांतील माणसांची मिश्र पथके या कामासाठी एकत्र बसविण्यात आली होती. एवढेच नव्हे, तर सुटे भाग पुरविणाऱ्यांनाही त्या भागांच्या संकल्पनात वाटा देण्यात आला. पुरवठादारही आराखडा काढू शकतो, हा त्यातला धडा कोल्हापूरने विशेष ध्यानात घ्यावा.

अर्थात, चार माणसे एका मेजाभोवती बसविली म्हणजे पथक झाले, असे नव्हे. ‘पाचामुखी परमेश्वर’ हे न्यायनिवाड्यात शोभते; आराखड्यात मात्र सर्वांचे ऐकून अखेरचा निर्णय देणारा एक जबाबदार माणूस लागतो. वस्तू कोणासाठी, किती भार सोसणारी, किती किमतीची, हे आरंभीच लिहून ठेवावे लागते. बदल थांबविण्याची तारीख ठरवावी लागते, आणि टाकून दिलेल्या पर्यायांची कारणे दप्तरी नोंदवावी लागतात. अन्यथा अनुभवी माणूस निवृत्त झाला की त्याचे शहाणपणही त्याच्याबरोबर घरी जाते.

या शिक्षणाचा आरंभ महाविद्यालयांतच झाला पाहिजे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प यंत्र, विद्युत व संगणक या शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावा, फौंड्रीतील मिस्त्रीस परीक्षकांच्या शेजारी बसवावे आणि गुण देताना नुसते चित्र न पाहता ती वस्तू ओतता येईल काय, हेही विचारावे. पदवीधराला मिस्त्रीसमोर ‘हे मला समजावून सांगा’ असे म्हणता आले, तर परक्या कागदावरचे आपले अवलंबन कमी होऊ लागेल.