पिंपाचा हिशेब आहे, माणसाचा नाही

रसायनाच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिंपावर एक क्रमांक असतो. तो माल कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत तयार झाला, त्यात कोणता कच्चा माल किती पडला, हे सारे त्या क्रमांकावरून पुढे कित्येक वर्षे काढता येते. परदेशी गिऱ्हाईक ते मागते, म्हणून मालक ते ठेवतो. सरकारला वस्तू व सेवा कर लागतो, म्हणून त्याचे हिशेब बहात्तर महिने जपले जातात. परंतु ते पिंप ज्याने भरले, त्या कामगाराच्या श्वासावाटे त्या पाळीत किती वाफ आत गेली, असे विचारून पाहा. दप्तर कोरे निघते. नोंदींचा बोजा उद्योगाला परवडत नाही, असे गाऱ्हाणे मांडणाऱ्या मालक-संघटनांना हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. त्यांना जड जातो तो कागद नव्हे. त्या कागदातून उद्या सिद्ध होऊ शकणारी जबाबदारी जड जाते.

कायदा नाही, असे नव्हे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळात हजारो माणसे मेली, तेव्हा कोठे राज्यकर्त्यांना जाग आली आणि १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. घातक द्रव्यांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या अचूक व अद्ययावत नोंदी भोगवटादाराने ठेवाव्यात, त्या कामगारांना पाहता याव्यात, असे कलम ४१-सी मध्ये लिहिले गेले. ते काम सुटल्यानंतरही वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी, असेही त्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने नोंदींची ही तरतूद जवळपास त्याच शब्दांत उचलली आहे. मात्र दोन्हीकडे एक शेपूट आहे : नोंदी पाहण्याचा हक्क 'विहित करण्यात येतील अशा शर्तींना अधीन' राहील. स्वतःच्या रक्ताचा अहवाल पाहावयास माणसाला शर्ती कसल्या? (कारखाना निरीक्षकाला तर नव्या संहितेने मालकाचा 'सुविधाकार'ही करून टाकले आहे, तेव्हा शर्ती कोणाच्या सोयीच्या होतील, हे सांगावयास ज्योतिषी नको.)

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रंगद्रव्याच्या कारखान्यात अठरा वर्षे राबलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी राहत. कारखाना बंद पडल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. कोणत्या रसायनात काम करीत होता, असे डॉक्टरांनी विचारले. त्यांना सांगता आले ते एवढेच : पिवळी पावडर. भरपाईच्या खटपटीत त्यांच्याबरोबर मीही दोन-तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. प्रत्येक ठिकाणी एकच शब्द कानी पडला : पुरावा. पुरावा कारखान्याच्या दप्तरात असावयाचा, आणि दप्तर यंत्रांबरोबर भंगारात गेलेले. तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना 'बाह्य खर्च' ही संकल्पना फळ्यावर आकृती काढून शिकवली. तिचा खरा अर्थ मला त्या कचेरीच्या बाकावर बसून कळला. नफा कारखान्याच्या वहीत जमा झाला होता, आणि खर्च एका म्हाताऱ्याच्या देहावर मांडून ठेवला होता.

रंगद्रव्याच्या कामातून मूत्राशयात गाठी होतात, हे काही नवे ज्ञान नाही. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ सालीच ते दाखवून दिले होते. अशा रोगांचे वैशिष्ट्य हे की ते वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उगवतात. डोंबिवलीत २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली स्फोट झाले, तेव्हा मृतांची मोजदाद झाली, कारण धूर साऱ्या शहराने पाहिला. संथपणे मरणाऱ्याची मोजदाद नोंदीवाचून होऊच शकत नाही. म्हणून नोंद किती काळ जपावी, हाच कळीचा प्रश्न ठरतो. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात तो निःसंदिग्धपणे सोडवला : नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही संसर्गाच्या नोंदी तीस वर्षे ठेवण्याचे बंधन १९८० पासून आहे. मग जो न्याय ॲस्बेस्टॉसला, तो बेंझीनला आणि शिशाला का नाही?

यात सर्वांत नागवला जातो तो ठेकेदारी कामगार. बेंझीन, शिसे, पारा यांचे रोग भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात तिसऱ्या अनुसूचीच्या 'ब' भागात होते. ते कामामुळेच झाले असे धरण्यासाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली असावी लागे. दुसऱ्या मालकाकडे तेच काम केले असेल, तर तो काळ जमेस धरावयाचा नाही. सामाजिक सुरक्षा संहितेनेही हाच नियम पुढे चालवला आहे. आता आपल्या औद्योगिक वसाहतींतील व्यवहार पाहा. माणूस तोच, यंत्र तेच. पाचव्या महिन्यात ठेकेदाराचे नाव तेवढे बदलते. कागदावर तो कामगार दर वेळी नवा जन्म घेतो आणि त्याच्या फुफ्फुसाने मात्र सारे जन्म एकत्र साठवलेले असतात! त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास संमती दिली. हवेतील विषाची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीवर बांधलेली असते, हे त्या बैठकीत कोणाच्या ध्यानात आले होते काय?

थोडे आपल्या घरातही पाहिले पाहिजे. दूध, गूळ आणि जोखीम भत्ता पदरात पाडून घेऊन आपल्या युनियननी वर्षानुवर्षे करारांवर सह्या केल्या. विषाचा दर ठरवला, विषाचे माप मागितले नाही. कामगारही तपासणी टाळतो, हे खरे. रक्तात शिसे निघाले तर 'अपात्र' ठरवून घरी बसवतील, ही त्याची भीती अनाठायी नाही. त्यामुळे नोंदीच्या मागणीबरोबर त्याच वेतनावर पर्यायी कामाची मागणी आली नाही, तर कामगारच आपल्या विरोधात उभा राहील.

राज्याच्या नियमांत आपण काय मागावयाचे, ते उघड आहे. प्रत्येक तपासणीची व हवेच्या मोजणीची प्रत, द्रव्याच्या खऱ्या नावासह, कामगाराच्या हाती विनाशर्त पडावी. ठेकेदारी कामगाराचे नाव मूळ मालकाच्या नोंदवहीत असावे आणि त्याचा एकूण काळ सलग धरावा. नोंदी चाळीस वर्षे राहाव्यात. कारखाना बंद झाल्यास टाळे लागण्यापूर्वी त्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जमा व्हाव्यात. परंतु नियमांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ज्या कारखान्यांत आपली युनियन आहे, तेथे पुढच्या करारात दूध-गुळाच्या कलमाआधी हे कलम मांडावे, आणि मालकाने नकार दिल्यास तो नकार लेखी मागून घ्यावा.