शिक्का बदलताना

जव्हार गावालगत शिरपामाळ नावाचे एक पठार आहे. १६६४ च्या आरंभी सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशाह त्यांच्या स्वागताला आले आणि महाराजांनी त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच खोवला, अशी या भागातली परंपरा आहे. माळाला नाव मिळाले ते या शिरपेचावरून. स्नेह जुळल्याची खूण चारचौघांना दिसेल अशी राजाच्या मस्तकावर राहिली. पण खुणेलाही आयुष्य असते. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले, तेव्हा आठ वर्षांपूर्वीचा तो शिरपेच कामी आला नाही. विश्वासाची खूण कोण देतो, ती कुठवर चालते आणि ती रद्द झाल्याचे इतरांना कसे कळते, हे प्रश्न राज्यकारभाराइतकेच जुने आहेत.

आज हेच प्रश्न संगणकाच्या वाटेने या माळाच्या आसपासच्या पाड्यांपर्यंत येऊन पोहोचले आहेत. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा आरंभ झाला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला हेही आता याच पद्धतीने मिळतात. जव्हार-मोखाड्यात तहसील कचेरीची एक खेप म्हणजे हातची एक दिवसाची मजुरी आणि वर एसटीचे भाडे. ही खेप वाचत असेल तर त्या सुधारणेचे मोल शहरातल्या माणसाला वाटते त्याहून कितीतरी अधिक आहे. म्हणूनच मला या स्वाक्षरीच्या मुळाशी जावेसे वाटले. शाईची सही ओळखीची असते. ज्याला गाव तलाठी म्हणत आला, त्याच्या सहीचे वळण गावातल्या चार जाणत्यांना ठाऊक असते. संगणकातल्या सहीमागे मात्र कोण उभे असते?

जुन्या मराठी दफ्तरात याचे उत्तर एका जोडशब्दात होते : शिक्कामोर्तब. आज्ञापत्राच्या माथ्यावर शिक्का उमटवीत आणि मजकूर संपला की तळाशी मोर्तब करीत. शिक्का सांगे की पत्र कोणाचे आहे. मोर्तब सांगे की मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ घातली तर ती खोटी. डिजिटल स्वाक्षरी ही दोन्ही कामे एकदम करते. तिच्यासाठी आकड्यांच्या दोन जोडकिल्ल्या तयार करतात. एक गुप्त, ती सही करणाऱ्यापाशी; दुसरी जाहीर, ती कोणालाही मिळते. गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने तपासता येते, आणि सही झाल्यावर कागदातला एक आकडा जरी फिरवला, आठ गुंठ्यांचे ऐंशी गुंठे केले, तरी तपासणी फसते. मोर्तबाचेच काम, पण अधिक काटेकोर.

आता ही जाहीर किल्ली अमुकच अधिकाऱ्याची, हे कोण सांगणार? त्यासाठी प्रमाणपत्र असते. ते देणाऱ्या संस्थांना प्रमाणन प्राधिकारी म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याखाली दिल्लीत नियंत्रकांचे कार्यालय आहे आणि ते या संस्थांना परवाने देते. पुण्याची सी-डॅक ही अशीच एक परवानाधारक संस्था. म्हणजे अधिकाऱ्याच्या सहीमागे प्राधिकाऱ्याची सही, तिच्यामागे नियंत्रकांची. या साखळीच्या टोकाला जी मूळ किल्ली आहे, तिला आपण राजमुद्राच म्हणू. अधिकाऱ्याची किल्ली हरवली तर एका माणसापुरता घोळ होतो. प्राधिकाऱ्याची किल्ली परक्या हाती पडली तर तिच्या नावाने हवी तितकी खोटी माणसे उभी करता येतात.

म्हणून ती किल्ली साध्या संगणकात ठेवत नाहीत. तिच्यासाठी हार्डवेअर सिक्युरिटी मोड्यूल नावाची एक वेगळी पेटी असते. किल्ली त्या पेटीतच जन्माला येते आणि उघड्या स्वरूपात कधीच बाहेर पडत नाही. कागदाचा गोषवारा आत पाठवायचा, सही होऊन बाहेर येते. पेटी फोडू पाहिली तर ती आतल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकते. ती चालू करण्याचा अधिकारही एकट्याच्या हाती नसतो. पाच-सात जणांना कार्डे वाटून ठेवलेली असतात आणि त्यांतल्या ठरावीक जणांनी समोर हजर राहिल्याशिवाय काम होत नाही. देवळाच्या दानपेटीला दोन विश्वस्तांची दोन कुलुपे असावीत, तसा हा प्रकार.

पेटी सही करते; पण कोणाला प्रमाणपत्र दिले, कोणाचे रद्द केले, कोणाची मुदत संपली, याची नोंदवही सांभाळते ते सॉफ्टवेअर. पेटी ही तिजोरी, तर सॉफ्टवेअर हा तिच्यापुढे बसलेला कारकून. आणि कारकून कधीतरी निवृत्त होतोच. सॉफ्टवेअर जुने होते, ते करणारी कंपनी विकली जाते, दुरुस्त्या मिळेनाशा होतात. मग नवे सॉफ्टवेअर आणावे लागते. यातला सोपा मार्ग असा, की पेटी तीच ठेवायची आणि नव्या कारकुनाला तिच्याशी बोलायला शिकवायचे. त्यासाठी जगभर मान्य झालेली ठरावीक भाषाही आहे. पेटीही बदलायची असेल आणि दोन्ही पेट्या एकाच कारखान्याच्या असतील, तर किल्ली कुलूपबंद अवस्थेत एकीतून दुसरीत नेता येते. कारखाने वेगळे असले तर बहुधा ही वाट बंद असते. ज्या गुणामुळे पेटी सुरक्षित, त्याच गुणामुळे आपण एका विक्रेत्याच्या दावणीला बांधले जातो. तेव्हा उरतो तिसरा मार्ग : नवी किल्ली घडवायची, पुढच्या सह्या तिने करायच्या आणि जुनीला सन्मानाने निवृत्त करायचे.

सर्वसामान्य वाचकाला वाटेल, की यात जोखीम किल्लीची. माझ्या मते जोखीम नोंदवहीची अधिक आहे. रद्द झालेल्या प्रमाणपत्रांची यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना एक ओळ जरी गळली, तरी मेलेले प्रमाणपत्र जिवंत होते. जुन्या किल्लीच्या रद्दयाद्या प्रसिद्ध करणे कोणी विसरले, तर चांगल्या सह्यांकडेही तपासणारा संशयाने पाहू लागतो. तिजोरी शाबूत असूनही घात कसा होतो, हे आपल्याच देशाने पाहिले आहे. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या ध्यानात आले, की तिच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे निघाली आहेत, आणि ती निघाली होती आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणन संस्थेकडून. प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेतच शिरकाव झाला होता. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी त्या संस्थेची प्रमाणपत्रे रद्द केली. पुढे गूगलने आपल्या ब्राउझरमध्ये भारताच्या मूळ किल्लीचा मान ठरावीक सरकारी, शैक्षणिक आणि काही थोड्या पत्त्यांपुरताच ठेवला. एका कचेरीतल्या ढिलाईने साऱ्या देशाच्या शिक्क्याची पत कमी होते, ती अशी.

हे काम नीट कसे करावे, याचा एक चांगला धडा इंटरनेटच्या मूळ नामवहीचा आहे. संकेतस्थळाचे नाव टाकल्यावर आपण योग्य यंत्रापर्यंत पोहोचतो, ते या नामवहीमुळे. तिच्यावर सही करणारी मूळ किल्ली आयकॅन ही संस्था अमेरिकेत दोन ठिकाणी, अशाच पेट्यांमध्ये सांभाळते. २०१० पासून या किल्लीचे विधी वेगवेगळ्या देशांतून निवडलेल्या विश्वासू माणसांच्या साक्षीने होतात. विधीची प्रत्येक पायरी आधी लिहून जाहीर केलेली असते आणि चित्रण कोणालाही पाहता येते. फेब्रुवारी २०२० मध्ये तिजोरीचेच कुलूप अडले, विधी काही दिवस पुढे गेला आणि कुलूप छिद्र पाडून उघडावे लागले. संस्थेने हे सर्व जगाला सांगितले. त्याआधी, २०१७ साली ठरलेला किल्लीबदल तिने एक वर्ष लांबवला, कारण काही सेवादार तयार नसल्याची चिन्हे दिसली. किल्ली बदलली ती ११ ऑक्टोबर २०१८ रोजी.

पेटीच्या कारखान्याचा धडाही तिथेच मिळाला. एप्रिल २०२३ मध्ये पुढची किल्ली घडवून झाली आणि त्यानंतर पेटी बनवणाऱ्याने आपला माल बंद करण्याचे ठरवले. ती ताजी किल्ली एकही सही न करता बाजूला ठेवावी लागली. एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या कारखान्याच्या पेटीत नवी किल्ली घडवली गेली आणि तिच्या कारभाराचा आरंभ ११ ऑक्टोबर २०२६ ला ठरवला गेला. म्हणजे घडवण्यापासून वापरापर्यंत अडीच वर्षांची मुदत, आणि ती सारी जगाला तयारी करता यावी म्हणून. लपवाछपवीने सुरक्षितता वाढते, हा आपल्या कचेऱ्यांतला समज या उदाहरणापुढे टिकत नाही. किल्ली गुप्त असावी. किल्ली बदलण्याची रीत उघड असावी.

आता पुन्हा जव्हारकडे येऊ. इथल्या जमिनीने किती शिक्के पाहिले! मुकणे घराण्याच्या दरबाराचा शिक्का १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत चालला. मग मुंबई राज्य आले, १९६० साली महाराष्ट्र आला, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. शिक्के बदलले, पण जमीन कसणाऱ्याचे घर बहुधा तेच राहिले. जुन्या इनामपत्रांत एक कलम हमखास असे. दरसाल ताजी सनद आणा, असा हट्ट अधिकाऱ्यांनी धरू नये, पत्राची नक्कल ठेवून घ्यावी आणि अस्सल पत्र मालकाला भोगवट्यासाठी परत द्यावे, असा त्याचा भाव. राजमुद्रेच्या घडामोडींचा ताप धारकाला होऊ नये, ही समज तीनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाला होती. ती आजच्या संगणकाला आहे का, हा माझा खरा प्रश्न आहे.

अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र फार तर तीन वर्षांचे असते. आधारच्या आधाराने होणाऱ्या ई-साइनचे प्रमाणपत्र तर अवघे तीस मिनिटे जगते. जमिनीचा वाद मात्र दोन-दोन पिढ्या चालतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे घेऊन बसलेल्या माणसाला तर एकेक जुना कागद लाखमोलाचा. सही झाली तेव्हा प्रमाणपत्र जिवंत होते, हे वीस वर्षांनी सिद्ध करायचे तर सहीच्या क्षणी विश्वासार्ह वेळेची मोहोर लागलेली असली पाहिजे, आणि जुन्या जाहीर किल्ल्या व रद्दयाद्या कुठेतरी जपलेल्या असल्या पाहिजेत. आपण संगणकावर दाखला उघडतो तेव्हा सहीशेजारी पिवळे प्रश्नचिन्ह पुष्कळदा दिसते. त्याचा अर्थ सही खोटी असा नसतो. आपल्या संगणकाला ती साखळी ओळखता आलेली नसते, इतकेच. पण खिडकीपलीकडचा कारकून ते चिन्ह पाहून दाखला परत करतो, आणि पलीकडच्या माणसापाशी त्याला उत्तर नसते. शिवाय पाड्यावर कागद पोहोचतो तो छापील. छपाईत ती गणिती सही उतरत नाही. उरतो फक्त पडताळणी क्रमांक, आणि तो सरकारी संकेतस्थळ चालू असेल तोवरच बोलतो. यंत्रणा बदलताना जुने क्रमांक नव्या घरात नेले नाहीत, तर तो कागद मुका होतो.

मोठा शिक्काबदल तर पुढेच आहे. क्वांटम संगणक आजच्या किल्ल्यांचे गणित उद्या फोडू शकतील, या शक्यतेने अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतीची मानके प्रसिद्ध केली. आज ना उद्या आपल्याकडेही प्रत्येक प्राधिकाऱ्याला नव्या किल्ल्या घडवाव्या लागतील. त्याआधी काही साध्या गोष्टी मागून घेण्याचा नागरिकांना अधिकार आहे. पेटी विकत घेतानाच करारात लिहावे, की विक्रेता उद्या नसला तर बाहेर पडायची वाट कोणती. किल्लीबदलाची तारीख आणि रीत आधी जाहीर करावी, बाहेरचे साक्षीदार बोलवावेत आणि खोट्या किल्लीवर रंगीत तालीम केल्याशिवाय खरीला हात लावू नये. जुन्या सह्या तपासण्याची सोय जुनी किल्ली निवृत्त झाल्यावरही खुली राहावी. आणि यंत्रणा बदलली म्हणून कोणत्याही कचेरीने नागरिकाकडे ताजा दाखला मागू नये, असे शासनाने स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे.

यातले शेवटचे कलम खर्चाच्या मानाने सर्वांत स्वस्त आहे. त्याला नवी पेटी लागत नाही, नवे सॉफ्टवेअर लागत नाही. एक परिपत्रक पुरे. पण ते निघाले नाही, तर हैदराबादेत किंवा पुण्यात वातानुकूलित खोलीत झालेल्या बदलाची किंमत शिरपामाळाखालच्या पाड्यावरचा माणूस मोजील : एका दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि वर "पुढच्या सोमवारी या."